फँटसी कादंबरी वाचावी कशी आणि ऐकावी कशी

साडेचार लाखांहून अधिक शब्दांची अद्भुतरम्य कादंबरी समोर आली, की ती ऐकूनच संपवावी हा विचार हल्ली बहुतेकांच्या मनात आधी येतो. त्यात गैर काही नाही. अडचण एवढीच आहे, की पुस्तकांच्या अ‍ॅपवर ‘ऑडिओ’ या एकाच पाटीखाली तीन निरनिराळ्या वस्तू ठेवलेल्या असतात आणि त्यांतली कोणती आपण उचलली हे न पाहता ऐकायला बसलेला माणूस पुढे कादंबरीलाच कंटाळवाणी किंवा उथळ ठरवून मोकळा होतो. ही निवड कशी करावी, कागदावर काय वाचावे, कानांवर काय सोपवावे आणि दोहोंची सांगड कशी घालावी, हे येथे जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या एका कादंबरीच्या आधाराने सांगितले आहे. शत्रूची जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोची आणि त्याच्या सोबत्यांची ही कथा; १९५४-५५ मध्ये तीन खंडांत (एकूण सहा भागांत) प्रसिद्ध झालेली ही कादंबरी निवडण्याचे कारण व्यवहारी आहे: ती छापील पुस्तक, संपूर्ण अभिवाचन आणि रेडिओ नाटक अशा तिन्ही रूपांत उपलब्ध आहे, शिवाय मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा तिचा मराठी अनुवादही आहे. विवेचनाच्या ओघात कथानकातील काही वळणे उघड होणार आहेत. ज्यांना ती आधी कळायला नको आहेत त्यांनी पुस्तक संपवून मगच पुढे वाचावे.

हातात काय आले आहे ते आधी पाहावे

पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण अभिवाचन. यात एकच वाचक कादंबरीतला शब्दन् शब्द वाचतो आणि पात्रांचे संवाद आवाजात थोडा फरक करून म्हणतो. या कादंबरीचे रॉब इंग्लिस यांनी १९९० मध्ये केलेले अभिवाचन वर्षानुवर्षे ऐकले गेले, आणि चित्रपटांत गॉलम या अंगठीने पछाडलेल्या पात्राची भूमिका करणारे अँडी सर्किस यांचे अभिवाचन २०२१ मध्ये आले. दोन्ही पन्नास तासांहून अधिक लांबीची आहेत. दुसरा प्रकार संक्षिप्त अभिवाचनाचा. कॅसेट आणि सीडीच्या काळात मर्यादित जागेत मजकूर बसवण्यासाठी त्याला कात्री लावण्याची पद्धत होती आणि त्या काळातली ध्वनिमुद्रणे अजूनही फिरत असतात. ‘अ‍ॅब्रिज्ड’ हा शब्द बारीक अक्षरात कुठे तरी छापलेला असतो. तिसरा प्रकार नाट्यरूपांतराचा, म्हणजे आकाशवाणीच्या श्रोत्यांना नभोनाट्य किंवा श्रुतिका म्हणून ओळखीचा असलेला प्रकार: स्वतंत्र संहिता, प्रत्येक पात्राला वेगळा नट, संगीत, पार्श्वध्वनी आणि दुवे जोडण्यापुरता निवेदक. बीबीसी रेडिओ ४ ने १९८१ मध्ये ब्रायन सिब्ली आणि मायकेल बेकवेल यांच्या संहितेवरून अर्ध्या अर्ध्या तासाच्या २६ भागांत ही कादंबरी सादर केली, ती या तिसऱ्या प्रकारातली. म्हणजे एकूण तेरा तास. पन्नासाहून अधिक तासांच्या जागी तेरा तास, हा फरक लक्षात ठेवला तर पुढची बरीच गफलत टळते.

वर्णनात काहीच स्पष्ट लिहिलेले नसेल तर साधा हिशेब करावा. इंग्रजी अभिवाचनाचा वेग मिनिटाला साधारण दीडशे ते एकशे साठ शब्द असतो आणि इंग्रजी पेपरबॅकच्या एका पानावर तीनशेच्या आसपास शब्द मावतात. तेव्हा एका पानाला दोन मिनिटे धरावीत. चारशे पानांची कादंबरी तेरा-चौदा तासांची व्हायला हवी. ती सहा तासांत संपत असेल तर मजकूर छाटलेला आहे असे खुशाल समजावे.

या तीन प्रकारांच्या सीमेवर बसणारी काही ध्वनिमुद्रणेही आहेत. फिलिप पुलमन यांच्या १९९५ च्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ या कादंबरीचे एक ध्वनिमुद्रण असे आहे, की त्यात निवेदन स्वतः लेखक वाचतात, संवाद नटसंच म्हणतो आणि मजकूर मात्र पूर्ण राहतो. त्याच कादंबरीचे बीबीसीने २००३ मध्ये केलेले नाट्यरूपांतर ही अगदी वेगळी गोष्ट आहे. दोन्हींच्या वर्णनात नटसंचाचा उल्लेख असतो, त्यामुळे नाव आणि मुखपृष्ठ पाहून भागत नाही. लांबी पाहावीच लागते.

संपूर्ण अभिवाचन ऐकणे हे वाचनच आहे की नाही या वादात मी शिरत नाही, कारण माझ्या लेखी ते वाचनच आहे: शब्द लेखकाचे, क्रम लेखकाचा, लांबी लेखकाची. नाट्यरूपांतर ही मात्र दुसऱ्या लेखकाची कृती असते आणि तिच्याकडे तसेच पाहावे. ती ऐकून ‘कादंबरी झाली’ असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ती पुस्तकाबरहुकूम नाही म्हणून तिच्यावर रागावणेही चुकीचे आहे.

रूपांतराने काय गाळले आणि काय हलवले

नाटक ऐकण्याआधी किंवा ऐकल्यानंतर, पण केव्हा तरी एकदा, त्याची मूळ पुस्तकाशी रुजवात घालावी. ती कशी घालायची हे बीबीसीच्या १९८१ च्या रूपांतरावरून चांगले दिसते. पहिल्या खंडात हॉबिट नावाच्या ठेंगण्या, साध्या लोकांची मंडळी गाव सोडल्यावर जुन्या अरण्यात शिरतात, टॉम बॉम्बाडिल नावाच्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या, कशानेच न बाधणाऱ्या विचित्र गृहस्थाच्या घरी राहतात आणि पुढे थडग्यांच्या टेकड्यांत अडकतात. ही तीन प्रकरणे रेडिओ नाटकात नाहीत. कथेचा मुख्य धागा त्यांच्यावाचून तुटत नाही, हे खरे आहे. परंतु मेरी या हॉबिटला जी तलवार पुढे ऐन युद्धात उपयोगी पडते, ती याच टेकड्यांतल्या थडग्यातून मिळालेली असते आणि ज्या शत्रूवर ती चालते त्याच्याशीच लढण्यासाठी शतकांपूर्वी ती घडवलेली असते. पुस्तक वाचलेल्याला त्या घावाच्या क्षणी जे आठवते ते केवळ नाटक ऐकणाऱ्याला आठवण्याचा संभवच नाही. सिब्ली यांनाही ही गाळणी खटकली असावी, कारण १९९२ मध्ये बीबीसीसाठी टॉल्किनच्या छोट्या कथांची रूपांतरे करताना त्यांनी या प्रकरणांतला मजकूर स्वतंत्र भागात घेतला.

गाळण्यापेक्षा हलवणे अधिक परिणामकारक असते आणि ते श्रोत्याच्या लक्षातही कमी येते. दुसऱ्या खंडात टॉल्किन कथा दुभंगतात: खंडाचा पहिला अर्धा भाग अ‍ॅरागॉर्न आणि त्याच्या सोबत्यांना दिलेला आहे, दुसरा अर्धा भाग फ्रोडो आणि त्याचा साथीदार सॅम यांना. एका बाजूचे वाचत असताना दुसऱ्या बाजूला काय चालले आहे याची वाचकाला गंधवार्ता नसते. खंडाच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या हाती जिवंत सापडतो, आणि त्यानंतर अख्खा पाचवा भाग, म्हणजे वेढा, लढाई, राजाचा मृत्यू, सारे काही उलटून जाईपर्यंत त्याचे खरोखर काय झाले हे कळत नाही. हा ताण रचनेतून आलेला आहे. रेडिओवर मात्र आठवड्याला अर्धा तास मिळत असताना मुख्य पात्रांना महिना-दोन महिने गायब ठेवणे परवडत नाही, म्हणून रूपांतरकारांनी दोन्ही धागे आलटून पालटून गुंफले. ऐकायला ते सोपे जाते, काळाचा मेळही नीट बसतो. पण लेखकाने मुद्दाम कोंडून ठेवलेली माहिती अधूनमधून सुटत राहते. माझ्या मते, पहिल्या भेटीत नाटक ऐकू नये असे म्हणण्यामागे हे सर्वांत सबळ कारण आहे. गाळलेले पुढे वाचून भरून काढता येते, पण एकदा कळलेले पुन्हा न कळलेले करता येत नाही.

याच्या उलट, भरही घातलेली असते. ग्रिमा वर्मटंग या कपटी सल्लागाराला शत्रूचे काळे स्वार वाटेत गाठतात तो प्रसंग मूळ कादंबरीत नाही; तो टॉल्किनच्या निधनानंतर १९८० मध्ये निघालेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’ या संग्रहातल्या मजकुरावरून घेतला आहे. तसेच, गावी परतल्यावर हॉबिटना आपले स्वतःचे गाव गुंडांच्या तावडीतून सोडवावे लागते तो शेवटचा भाग चित्रपटांनी टाकून दिला, रेडिओने ठेवला. त्यामुळे चित्रपट पाहून ज्यांना ही कथा माहीत झाली आहे त्यांना रेडिओ नाटकात पुस्तकाचा शेवट पहिल्यांदा भेटतो.

नावांचा बंदोबस्त

कानाने फँटसी ऐकताना माणूस सर्वांत आधी हरतो तो नावांपुढे. सामाजिक कादंबरीतली नावे ओळखीची असतात. येथे प्रत्येक नाव नवे, आणि एका घराण्यातली नावे मुद्दाम एकमेकांसारखी ठेवलेली. एओमर आणि एओविन, थेओडेन आणि थेओड्रेड, बोरोमिर आणि फारामिर. सौरॉन हा मुख्य शत्रू आणि सारुमान हा फितूर झालेला मांत्रिक यांच्यात तर डोळ्यांनी वाचतानाही गोंधळ होतो. १९७८ च्या अ‍ॅनिमेशनपटात तो टाळण्यासाठी सारुमानला बऱ्याच ठिकाणी ‘आरुमान’ करून टाकले होते. त्यातच एका माणसाला चार नावे. अ‍ॅरागॉर्न हाच स्ट्रायडर, हाच पुढे एलेस्सार. गँडाल्फ या मांत्रिकाला एल्फ जमातीचे लोक मिथ्रांडिर म्हणतात.

यावर उपाय एकच आणि तो जुनाच आहे. पहिल्या खंडाची निदान पहिली पाच प्रकरणे कागदावर वाचावीत. तोपर्यंत मुख्य हॉबिट, त्यांची घरे, अंगठीचा इतिहास आणि गँडाल्फ यांची ओळख पक्की होते, आणि पुढे कानावर पडणाऱ्या नावांना बसायला जागा तयार असते. प्रस्तावनेचे प्रकरण, ज्यात हॉबिटांच्या चालीरीती आणि त्यांच्या तंबाखूचा इतिहास आहे, ते सुरुवातीला वगळले तरी चालेल; अभिवाचनाची सुरुवात त्यानेच झाली तर अनेकजण तिथेच गळतात. पुढे ऐकताना एक चिठ्ठी जवळ ठेवावी आणि तिच्यावर पात्रांची नावे त्यांच्या गावांनुसार लिहावीत, वर्णानुक्रमे लिहू नयेत, कारण आपल्याला प्रश्न पडतो तो ‘हा कुठला’ असा. मराठी अनुवाद वाचून इंग्रजी ऐकणाऱ्यांनी देवनागरीतले नाव आणि कानावर आलेला उच्चार दोन्ही शेजारी शेजारी टिपावेत, म्हणजे एकच पात्र दोनदा भेटल्यासारखे वाटणार नाही.

उच्चारांच्या बाबतीत मात्र फायदा पूर्णपणे कानाचा आहे. टॉल्किन यांनी पाचव्या परिशिष्टात उच्चारांचे नियम दिलेले आहेत, पण ते वाचण्याइतका धीर फारच थोड्यांना असतो. इंग्रजी अक्षरे पाहून आपण ‘सेलेबॉर्न’ म्हणतो, तो खरा ‘केलेबॉर्न’ आहे. आपण ‘सॉरॉन’ म्हणतो, त्याचा पहिला स्वर ‘सौ’ असा आहे. जाणकार वाचकाचे अभिवाचन तासभर ऐकले तरी ही सगळी नावे जिभेवर बसतात आणि मग छापील पान वाचतानाही अडखळायला होत नाही.

नकाशाचे काय करावे, हा प्रश्न ऐकणाऱ्यांना उशिरा सुचतो. या कादंबरीचे नकाशे टॉल्किन यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी काढलेले आहेत आणि कथेतला प्रवास त्यांच्यावर बोट ठेवून चालता येतो. ध्वनिमुद्रणासोबत नकाशा आला नसेल तर पुस्तकातला नकाशा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कथा दुभंगल्यानंतर नकाशाहूनही उपयोगी पडते ते दुसरे परिशिष्ट. त्यात तारीखवार नोंदी आहेत: २५ डिसेंबरला सोबती रिव्हेंडेलहून निघतात, २६ फेब्रुवारीला बोरोमिर पडतो, २५ मार्चला अंगठीचा निकाल लागतो. एका बाजूला वेढा पडत असताना दुसऱ्या बाजूला फ्रोडो नेमका कुठे आहे, हे त्या काही पानांत सापडते.

कोणते प्रसंग कानाचे, कोणते डोळ्यांचे

मोरियाच्या खाणीतला एक प्रसंग घेऊ. सोबती बालिन या बुटक्यांच्या प्रमुखाच्या थडग्याच्या दालनात येतात, तिथे त्यांना फाटलेले, जळके, रक्ताचे डाग पडलेले एक दप्तर सापडते आणि गँडाल्फ ते वाचू लागतो. अक्षरे पुसलेली आहेत, वाक्ये तुटलेली आहेत. शेवटच्या ओळीत ‘ते येत आहेत’ एवढेच उरते. आणि थोड्याच वेळात खालून ढोल वाजू लागतो. संपूर्ण अभिवाचनात हे पान ऐकताना वाचक कुठे थांबतो, कुठे शब्द गिळतो यावर सगळा परिणाम उभा असतो. नाटकात तर तो ढोल प्रत्यक्ष वाजतो. हा प्रसंग कानाचा आहे यात वाद नाही. गंमत अशी, की टॉल्किन यांच्या मनात मात्र तो डोळ्यांचाही होता: त्यांनी त्या दप्तराची फाटकी पाने स्वतः हाताने तयार केली होती, पण छपाईचा खर्च जास्त म्हणून ती पहिल्या आवृत्तीत येऊ शकली नाहीत आणि २००४ च्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीत समाविष्ट झाली. ज्यांच्याकडे ती आवृत्ती आहे त्यांनी प्रकरण ऐकताना ती पाने समोर उघडून ठेवावीत.

दुसरा प्रसंग गॉलमचा. दलदल ओलांडून आल्यावर, फ्रोडो झोपलेला असताना, गॉलम स्वतःशीच वाद घालतो. त्याच्यातला स्मीगोल, म्हणजे त्याचे जुने रूप, नको म्हणतो, गॉलम हवे म्हणतो. पुस्तकात कोण बोलतो आहे हे त्याच्या डोळ्यांत आळीपाळीने दिसणाऱ्या फिकट आणि हिरव्या उजेडावरून सांगितलेले आहे. रेडिओवर पीटर वुडथॉर्प ते केवळ आवाजावर तोलतात, आणि ते ऐकल्यावर पुस्तकातले प्रकाशाचे वर्णन क्षणभर अनावश्यक वाटू लागते.

पण त्यानंतर थोड्याच प्रकरणांनी येणारा किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवरचा प्रसंग पाहावा. फ्रोडो आणि सॅम दोघेही झोपलेले आहेत. गॉलम परत येतो, त्यांच्याकडे पाहतो, त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, तो एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो आणि हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो, त्याला वाकडे बोलतो, आणि तो क्षण कायमचा निसटतो. या परिच्छेदात सॅम जागा होईपर्यंत कोणीही एक शब्द बोलत नाही. कथेतला हा सर्वांत नाजूक सांधा आहे आणि तो संपूर्णपणे निवेदनात आहे. नाटकाला येथे एक तर निवेदक पुढे करावा लागतो, नाही तर हळहळ दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालावी लागते. अशी ठिकाणे वाचायचीच. शक्य असेल तर एकदा ऐकून झाल्यावरही वाचायची.

रिव्हेंडेल येथील एल्रॉन्डच्या दरबारातली सभा हा तिसरा, आणि व्यवहारात सर्वांत त्रासदायक प्रकार. पंधरा हजारांहून अधिक शब्दांच्या त्या एका प्रकरणात माणसे येतात, बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात इतरांनी सांगितलेले येते. कोण कुणाचे म्हणणे सांगतो आहे हे कानाने धरून ठेवणे कठीण जाते. रेडिओने ते बरेच आटोपशीर केले आहे. संपूर्ण अभिवाचन ऐकणाऱ्यांनी हे प्रकरण कागदावर वाचावे, किंवा पुस्तक समोर ठेवून ऐकावे.

एवढ्यावरून एक वाटणी सहज हाती येते. पहिली पाच प्रकरणे वाचावीत, तिथून रिव्हेंडेलपर्यंतचा प्रवास ऐकावा, सभा वाचावी, मोरिया ऐकावे, फ्रोडो, सॅम आणि गॉलम यांचा चौथा भाग वाचावा, पाचव्या भागातला वेढा आणि लढाई ऐकावी, शेवट ज्याला जसा रुचेल तसा. वाचन आणि श्रवण यांची अदलाबदल प्रकरणाच्या शेवटीच करावी, मध्ये करू नये. ध्वनिमुद्रणातले ठिकाण पानावर शोधण्यात जो वेळ जातो त्यात कथेची लय बिघडते. काही सेवांमध्ये ई-पुस्तक आणि ध्वनिमुद्रण एकमेकांना जोडलेले असतात, तिथे ही अडचण येत नाही.

गाणी वगळू नयेत

या कादंबरीत गाणी आणि कविता ठायी ठायी आहेत आणि मूक वाचन करणारे बहुतेक वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. कथेतल्या रोहन राज्याच्या घोडेस्वारांची बरीच गीते त्यांनी त्या जुन्या काव्याच्या धर्तीवर, यमकाऐवजी अनुप्रासावर आणि आघातांवर बांधली आहेत. ती छापील पानावर नीरस दिसतात आणि मोठ्याने म्हटली की उभी राहतात. इंग्लिस आपल्या अभिवाचनात गाणी चालीवर गातात. रेडिओसाठी स्टीफन ऑलिव्हर यांनी संगीत दिले आहे. पुस्तक वाचणाऱ्यांनीही निदान गाण्यांपुरते ध्वनिमुद्रण लावावे.

वाचकाचा आवाज निवडताना

पन्नास तास ज्याच्या सोबत काढायचे त्याचा आवाज पाच मिनिटांच्या नमुन्यावर ठरवू नये असे म्हणतात, पण नमुना ऐकल्याशिवाय तर मुळीच घेऊ नये. नमुना सहसा पहिल्या प्रकरणाचा असतो आणि त्यात निवेदनच जास्त असते. शक्य असल्यास दोन पात्रांचा संवाद ऐकावा. आवाज बदलण्याची हौस असलेला वाचक पहिल्या तासात मोहक वाटतो आणि दहाव्या तासाला त्याची किनरी पात्रे नकोशी होतात. त्यापेक्षा आवाज थोडाच बदलून बोलण्याची ढब पकडणारा वाचक लांबच्या पल्ल्याला बरा.

मालिका असेल तर सगळ्या खंडांना एकच वाचक आहे का ते पाहावे. रॉय डॉट्रिस यांनी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’च्या अभिवाचनात २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली, तरी त्याच मालिकेच्या पुढच्या खंडांत काही पात्रांचे आवाज आणि नावांचे उच्चार बदललेले आढळतात, आणि चौथ्या खंडाचे पहिले अभिवाचन तर दुसऱ्याच वाचकाचे होते. ‘द व्हील ऑफ टाइम’ या १९९० ते २०१३ या काळात आलेल्या चौदा खंडांच्या मालिकेत मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग असे दोन वाचक आहेत. प्रकरण ज्या पात्राच्या दृष्टीतून आहे ते पुरुष असल्यास क्रेमर वाचतात, स्त्री असल्यास रीडिंग. ही युक्ती मला फार सोयीची वाटते, कारण आवाज सुरू होताच आपण कुणाच्या डोक्यात आहोत याचा निम्मा अंदाज येतो. ‘हॅरी पॉटर’चे ब्रिटिश आणि अमेरिकन अभिवाचन अनुक्रमे स्टीफन फ्राय आणि जिम डेल यांचे आहे आणि दोघांचेही कट्टर चाहते आहेत, एकदा एकाची सवय झाली की दुसरा परका वाटतो, म्हणून मध्येच बदलू नये.

इंग्रजी ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला बोलींचाही विचार करावा लागतो. प्रमाण इंग्रजीतले निवेदन कळते, पण सॅमची गावरान ढब किंवा शत्रूच्या ऑर्क सैनिकांची आरडाओरड पहिल्या झटक्यात कळत नाही, आणि नाटकात त्यावर तलवारींचा खणखणाट चढलेला असतो. लाज न बाळगता ते प्रकरण आधी वाचून मग ऐकावे. इंग्रजी कानाला सरावलेली नसेल तर मराठीतल्या एखाद्या कादंबरीच्या संपूर्ण अभिवाचनापासून सुरुवात करावी; २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून तशी निवड बरीच वाढली आहे.

ऐकण्याची शिस्त

भांडी घासणे, चालायला जाणे, लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी हाताला काम आणि डोक्याला सवड देणारी कामे ऐकण्याला उत्तम. हिशेब, ई-मेल किंवा गर्दीतले वाहन चालवणे यांच्यासोबत नवी फँटसी ऐकू नये. ऐकलेली दुसऱ्यांदा ऐकायला हरकत नाही. लक्ष उडाले तर पंधरा सेकंद मागे जाण्याचे बटण पुरेसे नसते. कोण कुठे आहे हे सांगता येत नसेल, तर सरळ प्रकरणाच्या सुरुवातीला जावे.

वेग वाढवण्याचा मोह अभिवाचनात थोडाफार समजण्यासारखा आहे. प्रवासवर्णनाचे लांब परिच्छेद सव्वापटीने ऐकले तर फारसे बिघडत नाही. नाटकाचा वेग मात्र कधीही वाढवू नये, कारण त्यातली शांतता आणि संगीत मोजून बसवलेले असते. नाटक स्टिरिओत असेल तर दोन्ही कानांत इअरफोन हवेत, नाही तर अर्धी पात्रे एका बाजूला राहून जातात. रस्त्यावर चालताना दोन्ही कान बंद करणे धोक्याचे, म्हणून नाटक घरी ऐकावे आणि अभिवाचन बाहेर. झोपताना ऐकण्याची सवय असलेल्यांनी स्लीप टायमर मिनिटांवर न लावता प्रकरणाच्या शेवटावर लावावा, आणि तरीही रात्री ऐकण्यासाठी आधी वाचून झालेलाच भाग ठेवावा.

घरात मिळून ऐकायचे असेल आणि मुले लहान असतील, तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ने सुरुवात करू नये. १९३७ मध्ये आलेली ‘द हॉबिट’ ही मुलांसाठी लिहिलेली, एका खंडाची आणि एकाच धाग्याने जाणारी आहे, आणि बीबीसीने १९६८ मध्ये तिचेही आठ भागांचे नाटक केलेले आहे. टॉल्किन यांनी स्वतः १९५२ मध्ये एका मित्राच्या घरी टेपरेकॉर्डरवर तिच्यातले कोड्यांचे प्रकरण वाचून ठेवले होते. ते ध्वनिमुद्रण मिळाले तर मुलांना जरूर ऐकवावे. मोठ्या मुलांसोबत रेडिओ नाटक ऐकून झाल्यावर, नाटकाने गाळलेली बॉम्बाडिलची तीन प्रकरणे घरातल्याच कुणी तरी मोठ्याने वाचावीत, रोज एक याप्रमाणे. त्यांतल्या गाण्यांना चाल ज्याने त्याने आपल्या मनाने लावावी.